गोळी सुटल्यावर शिकाऱ्याचें कर्तव्य

मृगयेचें वर्णन करितांना कवि आणि कथाकार बहुधा एका ठराविक क्षणीं थांबतात. घोडा चौखूर उधळलेला असतो, धनुष्याची दोरी कानापर्यंत ओढलेली असते, हरीण मान वळवून मागें पाहात असतें. आणि बाण सुटला म्हणजे वर्णन संपतें. कालिदासाच्या शाकुंतलांत तर तपस्वी मध्यें येऊन बाण सुटूंच देत नाहींत. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत मृगयेचें प्रकरण आहे, तसेंच राजाच्या भोजनाचेंहि आहे. परंतु हरीण पडलें तो क्षण आणि मांस ताटांत आलें तो क्षण, या दोहोंच्या मध्यें जे कांहीं तास जातात, त्यांचा विचार सामान्य वाचकाच्या मनांत क्वचितच येतो. वास्तविक मांस खाण्याजोगें राहणार कीं फेंकून द्यावें लागणार, याचा निकाल याच तासांत लागतो. आणि घेतलेला जीव कारणीं लागला कीं वाया गेला, हेंहि तेव्हांच ठरतें. या मधल्या तासांची हकीकत हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

भारतांत हा प्रश्न आज व्यवहाराचा उरलेला नाहीं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें येथील हरणांना अभय दिलें आणि त्यांची शिकार हा गुन्हा ठरला. वाघ, बिबळे, रानकुत्रे ज्या अरण्यांत अजून आहेत, तेथें हरणांची संख्या मर्यादेंत ठेवण्यास निसर्ग समर्थ आहे. परंतु जेथें हिंस्र श्वापदें नाहींशीं झालीं, तेथें तें काम मनुष्याच्या गळ्यांत पडलें आहे. असा एक देश म्हणजे स्कॉटलंड. तेथें हरणांची शिकार कायदेशीर तर आहेच, पण वनरक्षणाच्या दृष्टीनें ती आवश्यकहि समजली जाते. म्हणून शिकारीनंतरच्या कर्तव्याचें जें शास्त्र तेथें तयार झालें आहे, तें पाहण्यासारखें आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखाला हायलँड्स म्हणतात. या मुलुखांतील मुख्य हरीण म्हणजे तांबडें हरीण. उन्हाळ्यांत त्याच्या अंगावर तांबूस झांक येते, त्यावरून हें नांव पडलें. पूर्ण वाढलेल्या नराचें वजन साधारणतः ९० ते १९० किलो भरतें. मादी बरीच हलकी असते. याशिवाय रो नांवाचें लहान हरीण मूळचें तेथीलच; फॅलो आणि सिका या दोन जाती मात्र बाहेरून आणलेल्या. चारी जाती मिळून स्कॉटलंडमध्यें सुमारें दहा लक्ष हरणें असावींत असा अंदाज केला जातो. लांडगा तेथून कित्येक पिढ्यांपूर्वींच नाहींसा झाला. परिणामीं हरणांची संख्या वाढत गेली, पाइन आणि बर्च यांचीं कोंवळीं रोपें डोकें वर काढण्यापूर्वींच खाल्लीं जाऊं लागलीं, आणि कडक हिवाळ्यांत चाऱ्याअभावीं हरणेंहि झुरून मरूं लागलीं. आज दरवर्षीं एक लक्षाहून अधिक हरणें तेथें बंदुकीनें मारलीं जातात. १९५९ च्या कायद्यानें शिकारीचे हंगाम आंखून देण्याची सोय झाली. तांबड्या हरणांपैकीं नरांचा हंगाम १ जुलै ते २० ऑक्टोबर आणि माद्यांचा २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, अशी वहिवाट पुष्कळ वर्षें चालली. २०२३ सालीं नरांच्या बाबतींतील बंदीचा काळ उठविण्यांत आला. माद्यांच्या बाबतींत मात्र तो ठेवला आहे, कारण मादी मेली तर तिच्यावर अवलंबून असलेलें पाडसहि मरतें.

एवढ्या हरणांचें मांस अर्थातच बाजारांत येतें. तें खाटकाच्या दुकानांत आणि उपाहारगृहांत विकलें जातें व मुलांच्या पानांतहि वाढलें जातें. येथेंच शिकाऱ्याची खरी जबाबदारी सुरू होते. कत्तलखान्यांत पशुवैद्य असतो, वाहतें स्वच्छ पाणी असतें, धुण्याजोगी फरशी असते, शेजारीं शीतगृह असतें. डोंगरावर यांतलें कांहींच नसतें. पाऊस, चिखल, वारा आणि मोटाररस्त्यापासून दोन-तीन तासांचें अंतर, एवढेंच काय तें असतें. पशुवैद्य, खाटीक आणि हमाल या तिघांचींहि कामें पहिल्या तासांत एकट्या शिकाऱ्याला करावीं लागतात. तीं बिघडलीं तर काय होतें याचें उदाहरण फार जुनें नाहीं. २०१५ सालीं स्कॉटलंडमध्यें ई. कोलाय ओ १५७ या घातक जंतूची एक साथ उद्भवली, आणि तिचा माग काढतां काढतां आरोग्यखातें हरणाच्या मांसापासून बनविलेल्या पदार्थांपर्यंत जाऊन पोंचलें. हा जंतु रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आंतड्यांत निरुपद्रवीपणें राहूं शकतो. मनुष्याच्या पोटांत गेला म्हणजे रक्ताची हगवण लावतो आणि कधीं कधीं मूत्रपिंडें निकामी करितो. आंतड्यांतला जंतु मांसावर जातो तो मलामुळें. आणि मल मांसाला लागूं न देणें, हें ज्या हातांनीं हरीण उघडलें त्या हातांचें काम असतें.

निरोगी हरणाच्या स्नायूंचा आंतला भाग जिवंतपणीं बहुधा निर्जंतुक असतो. जंतु असतात ते केसांवर, खुरांवर आणि आंतड्यांत. म्हणून मांस आपणहून नासतें असें म्हणण्यापेक्षां तें नासविलें जातें असें म्हणणें अधिक बरोबर होईल. नासविणारे तिघे आहेत: उष्णता, ओल आणि घाण. हरणाच्या शरीराचें तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतें, आणि जंतूंना याहून चांगली ऊब कोठें मिळणार? अनुकूल परिस्थितींत कांहीं जंतु अर्ध्या तासाच्या आंत दुप्पट होतात. अर्ध्या तासाला दुप्पट एवढाच वेग धरला, तरी एका जंतूचे सहा तासांत चार हजारांवर जंतु होतात. शिवाय हरणाच्या अंगावर दाट केसांचें पांघरूण असतें, आणि पोटांत अर्धवट पचलेल्या गवतानें भरलेलें कोठीपोट असतें. हरीण मेलें तरी कोठीपोटांतील आंबण्याची क्रिया थांबत नाहीं. वायु सुटत राहतो, पोट फुगतें, आंतड्यांच्या भिंती सैल पडतात, आणि कांहीं तासांत आंतला दुर्गंध मांसांत उतरूं लागतो. थंड प्रदेशांतहि हें घडतें; बाहेर बर्फ असलें तरी केसांच्या पांघरुणाखालीं ऊब टिकून राहते. म्हणून पोट लवकरांत लवकर रिकामें करणें हा सर्व नियमांतील पहिला नियम होय.

तथापि लवकर याचा अर्थ घाईनें असा नव्हे. गोळी लागतांच धांवत सुटणें हें नवशिक्याचें लक्षण समजतात. अनुभवी शिकारी प्रथम बंदूक पुन्हां भरतो आणि जागच्या जागीं राहून पाहात राहतो. हरीण गोळीला कसें बुजलें, कोणीकडे गेलें, कोठें दिसेनासें झालें, हें तो ध्यानांत ठेवतो. जखमी हरणाच्या मागें लगेच माणूस लागला, तर उरलेल्या बळानिशीं तें दूर निघून जातें आणि त्याचे हाल वाढतात. थोडा वेळ उसंत दिली तर बहुधा जवळच आडवें होतें. मग शिकारी पाठीकडून जवळ येतो, कारण मरणोन्मुख नराची लाथ किंवा शिंग माणसाला जायबंदी करूं शकतें. लांब काठीच्या टोंकानें तो डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श करितो. पापणी लवली नाहीं, तर मरणाविषयीं शंका उरत नाहीं. लवली तर त्याच क्षणीं दुसरी गोळी घालून त्या जिवाला सोडवावें लागतें. खात्री झाल्यावर बंदुकींतील काडतूस काढून ती सुरक्षित जागीं ठेवावयाची, आणि मगच सुरी हातांत घ्यावयाची, हा क्रम कधींहि मोडत नाहींत.

पहिलें काम रक्त काढण्याचें. हरणाचें डोकें उताराच्या बाजूस करितात आणि मान जेथें छातीच्या हाडाला मिळते तेथें सुरी आंत घालून हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या तोडतात. रक्त हें जंतूंचें आवडतें खाद्य. तें जितकें निघून जाईल तितकें मांस अधिक टिकतें. गोळी छातींतून गेली असेल तर बरेंच रक्त आधींच छातीच्या पोकळींत सांचलेलें असतें. तेंहि पुढें बाहेर पडावें लागतें.

यानंतरच्या कामाला स्कॉटलंडांत 'ग्रॅलॉख' म्हणतात. हा शब्द मूळ गेलिक भाषेंतील असून त्याचा अर्थच आंतडीं असा आहे. काम ऐकावयास ओबडधोबड वाटलें, तरी त्याला शस्त्रवैद्याची सावधगिरी लागते. मानेजवळच्या त्याच छेदांतून अन्ननलिका शोधून ती श्वासनलिकेपासून मोकळी करितात आणि तिला गांठ मारितात. ही गांठ सर्वांत महत्त्वाची, कारण पुढें कोठीपोट ओढून काढतांना त्यांतील हिरवा रस उलट्या मार्गानें छातींत सांडण्याची भीति असते. मग पोटाची कातडी मध्यरेषेवर चिमटींत धरून बारीक छेद घेतात. त्यांत दोन बोटें घालून सुरीचें पातें वरच्या अंगास ठेवतात, आणि बोटांच्या आधारानें तें पुढें सरकवितात. धार बाहेरच्या बाजूस राहिल्यामुळें आंतड्याला टोंक लागत नाहीं आणि केसहि आंत कापले जात नाहींत. एवढें झाल्यावर कोठीपोट आणि आंतडीं एका ओढीनें बाहेर येतात. मागोमाग गांठ मारलेली अन्ननलिकाहि येते. मूत्राशय जपून काढावा लागतो. गुदद्वाराभोंवतालचा भाग मोकळा करून तोहि बांधून घेतात, म्हणजे मल मांडीच्या मांसाला लागत नाहीं. हृदय, फुप्फुसें आणि यकृत हीं पुष्कळदां डोंगरावर काढीत नाहींत. तीं खालीं नेऊन उजेडांत तपासतात. कसलेला माणूस हें सारें अगदीं थोड्या मिनिटांत उरकतो, आणि त्याच्या बाह्यांवर रक्ताचा डाग क्वचितच दिसतो.

गोळी पोटांतून गेली असेल तर मात्र हा सारा क्रम बिघडतो. कोठीपोट फुटून त्यांतील रस सर्वत्र पसरलेला असतो. अशा वेळीं जवळच्या ओढ्याचें पाणी घेऊन आंतून धुऊन काढावें असा मोह होतो, परंतु हीच मोठी चूक होय. ओढ्याचें पाणी दिसावयास निर्मळ असलें तरी त्यांत जंतु असतात. आणि पाण्यानें घाण निघून जाण्याऐवजीं ती पातळ होऊन सगळीकडे पसरते. ओलें मांस कोरड्यापेक्षां लवकर नासतें. म्हणून जेथें घाण लागली तो भाग सुरीनें कापून टाकावा, बाकीचें कोरडें राहूं द्यावें, आणि सुरी स्वच्छ केल्याशिवाय पुन्हां चांगल्या भागाला लावूं नये, असा दंडक आहे. यांत मांस थोडें कमी होतें खरें, परंतु उरतें तें निर्धोक उरतें. नेम चुकल्याचा दंड म्हणून तेवढें नुकसान शिकाऱ्यानें सोसावयाचें असतें.

आंतडीं बाहेर आल्यावर शिकारी क्षणभर पशुवैद्य होतो. आंतड्यांना चिकटलेल्या पडद्यांत रसग्रंथींची माळ असते. ती सुजलेली आहे काय, तींत पिवळट घट्ट पू आहे काय, हें तो पाहतो, कारण तसें असणें क्षयाचें चिन्ह असूं शकतें. यकृतांत चपटे कृमि सांपडले तर यकृत टाकून देतात. फुप्फुसांवर गांठी आहेत काय, जिभेवर किंवा खुरांच्या बेचक्यांत फोड आहेत काय, हेंहि बघावें लागतें. शंका आली तर सरकारी पशुवैद्याला कळवितात, आणि तो निर्णय देईपर्यंत कोणताहि भाग हलवीत नाहींत. किंबहुना ही तपासणी गोळीपूर्वींच सुरू होते. हरीण कळपाबरोबर चालत होतें कीं मागें पडलें होतें, लंगडत होतें काय, माणसाला पाहून बुजलें कीं तसेंच उभें राहिलें, हें दुर्बिणींतून पाहून ठेवलेलें असतें. मांस बाजारांत जावयाचें असेल, तर ही तपासणी शिक्षण घेतलेल्या माणसानेंच केली पाहिजे असा नियम आहे. तो माणूस प्रत्येक हरणाला एक चिठ्ठी बांधतो. तिच्यावर मारल्याची तारीख, वेळ आणि जागा लिहितो, वागणुकींत किंवा शरीरांत वावगें कांहीं आढळलें नाहीं असें नमूद करितो, आणि खालीं सही करितो. पुढें त्या मांसाचे कितीहि हात बदलले, तरी पहिली साक्ष त्या सहीची असते.

काढलेलीं आंतडीं बहुधा डोंगरावरच राहतात. सोनेरी गरुड, डोमकावळे आणि कोल्हे त्यांची वाट पाहात असतात, आणि कडक हिवाळ्यांत त्यांना त्याचा मोठा आधार होतो. परंतु येथेंहि एक नवें संकट उघड झालें आहे. शिशाची गोळी हाडावर आदळतांच तिचे बारीक कण उडतात आणि जखमेपासून बऱ्याच अंतरापर्यंत मांसांत व आंतड्यांत शिरतात. ते खाणाऱ्या पक्ष्यांना शिशाची विषबाधा होते. अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांतील काँडोर हीं प्रचंड गिधाडें जवळजवळ नष्ट होण्यास जीं कारणें झालीं, त्यांत हें एक प्रमुख होतें. १९८२ सालीं साऱ्या जगांत अवघे २२ काँडोर उरले होते. त्या राज्यानें १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्या वापरण्यास पूर्ण बंदी केली आहे. स्कॉटलंडांतहि तांब्याच्या गोळ्यांचा वापर वाढत आहे. जखमेभोंवतालचें मांस सढळ हातानें कापून टाकावें, हा जुना नियम या नव्या माहितीमुळें अधिकच महत्त्वाचा ठरला आहे.

आतां हरीण डोंगरावरून खालीं आणावयाचें. पूर्वीं हें काम हायलँडचीं दणकट तट्टें करीत. चिखल, खडक आणि ओढे यांतून पाय न घसरतां एवढा भार वाहून आणणारें दुसरें जनावर नाहीं. कित्येक जमीनदाऱ्यांतून अजूनहि तीं पाळलेलीं आहेत. इतरत्र आठ चाकांच्या लहान गाड्या आल्या आहेत. जेथें तट्टू किंवा गाडी जात नाहीं, तेथें दोर बांधून ओढावें लागतें. ओढतांना डोकें पुढें ठेवितात, म्हणजे केस ज्या दिशेला वळलेले असतात त्याच दिशेनें कातडें घसरतें आणि पोटाच्या छेदांत चिखल शिरत नाहीं. उन्हाळ्याच्या अखेरीस निळ्या माश्या फार असतात. हरीण उघडें टाकून दुसऱ्याच्या मागें गेलें, तर परत येईतों जखमेवर त्यांनीं अंडीं घातलेलीं असतात. म्हणून एका दिवसांत जेवढीं हरणें नीट खालीं आणतां येतील, तेवढींच मारावींत, असा संकेत आहे. गोचिड्यांपासूनहि जपावें लागतें, कारण हरणाचें शरीर थंड होऊं लागलें म्हणजे त्या नवीन ऊब शोधीत निघतात. लाइम नांवाचा रोग त्यांच्या चावण्यामुळें होतो. म्हणून हातमोजे घालणें आणि घरीं आल्यावर अंग तपासणें हा आतां शिस्तीचा भाग झाला आहे.

डोंगराच्या पायथ्याशीं हरणें टांगण्याची एक स्वतंत्र खोली असते. विजेपूर्वींच्या काळांत ती झाडांच्या सावलींत, उत्तरेकडे तोंड करून बांधीत. भिंतींत वारा खेळण्यास फटी ठेवीत आणि त्यांना माशी येणार नाहीं अशी जाळी लावीत. आज तिच्या जोडीला शीतयंत्र असतें. येथें डोकें आणि पाय वेगळे करितात, छातीचें हाड उघडतात, उरलेले अवयव काढून तपासतात, आणि पोकळी उघडी राहावी म्हणून मध्यें काठीचा आडोसा देतात. कातडें मात्र बहुधा तसेंच ठेवितात, कारण तें मांसाला धूळ आणि वारा यांपासून वांचवितें. मांसाचें तापमान आंतपर्यंत ७ अंशांच्या खालीं आणि यकृत, हृदय वगैरे अवयवांचें ३ अंशांच्या खालीं आलें पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. पण हेंहि बेतानें करावें लागतें. स्नायूंत जोर असतांनाच ते एकदम अतिथंड केले तर आखडतात, आणि मांस चिवट होतें.

या चिवटपणाच्या मुळाशीं एक मोठी रसायनक्रिया आहे. जिवंत स्नायूंत ग्लायकोजेन नांवाची एक प्रकारची राखीव साखर असते. मरणानंतर तिचें दुग्धाम्लांत रूपांतर होतें आणि मांस किंचित् आंबट होतें. हा आंबटपणा जंतूंना मानवत नाहीं, म्हणून मांस टिकतें. पुढें कांहीं दिवस थंडाव्यांत टांगून ठेवल्यास मांसांतीलच पाचक द्रव्यें तंतु सैल करितात आणि तें मऊ होतें. परंतु ज्या हरणाला मरणापूर्वीं फार पळावें लागलें किंवा जें जखमी होऊन बराच वेळ तडफडलें, त्याची ही राखीव साखर अगोदरच संपलेली असते. मग आम्ल तयार होत नाहीं; मांस काळपट आणि चिकट राहतें व लवकर नासतें. येथें दया आणि व्यवहार यांची वाट एकच होते. शांतपणें चरत असलेलें, कशाची चाहूल नसलेलें हरीण एका गोळींत पडलें, तरच त्याचें मांस उत्तम निघतें. हाल देऊन मिळविलेलें मांस चवीलाहि वाईट आणि टिकावयासहि वाईट.

मृत हरणाला रीतीनें उघडण्याचें हें कर्तव्य युरोपांत नवें नाहीं. तेराव्या शतकाच्या आरंभीं गोटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग या जर्मन कवीनें लिहिलेल्या त्रिस्तानाच्या काव्यांत, तरुण त्रिस्तान परक्या राजाच्या शिकाऱ्यांना हरीण कसें कापावें याचा धडा देतो आणि त्या कौशल्यावरच राजदरबारीं मान मिळवितो. चौदाव्या शतकांतील गवेन आणि हिरवा सरदार यांच्या इंग्रजी काव्यांत हरणें कापण्याचा विधि सविस्तर वर्णिलेला आहे; त्यांत एक वाटा झाडावर बसलेल्या डोमकावळ्यासाठींहि टाकतात. कुत्र्यांचा हिस्सा हरणाच्या कातड्यावर मांडीत. सरदारांना मांस आणि नोकरांना आंतले अवयव, अशी वांटणी असे. आजच्या दृष्टीनें त्या विधींत उंचनीचतेचा भाग पुष्कळ होता. परंतु मारलेल्या जनावराचा कोणताहि भाग निष्कारण टाकूं नये, ही जाणीवहि त्यांतच होती.

आजच्या शिकाऱ्यापुढें मात्र त्या काळच्या कोणाला ठाऊक नसलेला एक प्रश्न उभा आहे. १९६७ सालीं अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत बंदिस्त हरणांमध्यें एक क्षयकारी रोग दिसला. हरणें वाळत जात, लाळ गाळीत, भान हरपल्यासारखीं उभीं राहात आणि अखेर मरत. १९७८ सालीं हा मेंदूचा रोग असल्याचें निश्चित झालें. त्याचें कारण जंतु नसून विकृत झालेलें एक प्रथिन आहे. तें शिजविल्यानें नष्ट होत नाहीं आणि मातींत वर्षानुवर्षें टिकतें. हा रोग पुढें उत्तर अमेरिकेंत दूरवर पसरला, आणि २०१६ सालीं नॉर्वेंतील रानटी रेनडिअरमध्यें सांपडला. युरोपांतील तो पहिलाच आढळ होता. तो रोखण्यासाठीं नॉर्वेच्या सरकारनें त्या भागांतील दोन हजारांहून अधिक रेनडिअरांचा सारा कळप २०१८ पर्यंत मारून टाकविला. ब्रिटनमध्यें हा रोग अद्याप आढळलेला नाहीं. माणसाला तो झाल्याचें सिद्ध झालेलें उदाहरणहि नाहीं. तरीहि रोगट हरणाचें मांस खाऊं नये, मेंदू आणि पाठीच्या कण्यांतील मज्जा यांना सुरी लावूं नये, आणि रोग असलेल्या भागांतून असे अवयव बाहेर नेऊं नयेत, अशी ताकीद दिली जाते. एके काळीं निरुपद्रवी समजला जाणारा अवशेषांचा ढीग आतां रोगाचें बीज ठरूं शकतो.

महाराष्ट्रांतील घरांत हरणाचें मांस येत नाहीं आणि येऊंहि नये. तथापि या हकीकतींतून निघणारें सार कोणत्याहि स्वयंपाकघराला लागू पडतें. बाजारांतून मासळी किंवा मटण आणणारी गृहिणी जी काळजी घेते, ती याच तीन शत्रूंशीं लढण्याची असते. मासळीचें पोट आधीं साफ करावें, मांस लवकर थंड जागीं ठेवावें, कच्च्याला लागलेली सुरी भाजीला लावूं नये, हे नियम आणि डोंगरावरचे नियम एकाच शास्त्रांतून आलेले आहेत. फरक एवढाच कीं, घरीं चूक झाली तर एका कुटुंबाला बाधते. डोंगरावर झाली तर ती कोठकोठें जाऊन पोंचेल याचा पत्ता लागत नाहीं.

स्कॉटलंडांतील दिवाणखान्यांच्या भिंतींवर शिंगें टांगण्याची हौस एकोणिसाव्या शतकापासून फार बोकाळली. तीं शिंगें पाहून नेमबाजीचें कौतुक होतें. परंतु शिकारी कसा होता हें त्यांवरून कळत नाहीं. तें कळतें टांगणीच्या खोलींत. तेथें कोरडें, स्वच्छ, नीट उघडलेलें हरीण असेल आणि त्याला खऱ्या मजकुराची चिठ्ठी बांधलेली असेल, तर तो माणूस आपल्या कामाला जागला असें तेथील जुने जाणते समजतात. गोळी एका क्षणांत सुटते आणि तिचें श्रेय डोळ्याला व हाताला मिळतें. त्यानंतरचे तास मात्र पावसांत, काळोखांत, कोणी पाहणारें नसतांना काढावयाचे असतात. आणि ज्या जिवाचा अंत केला त्याचें मोल राखलें कीं नाहीं, हें त्या तासांतील वागणुकीवरूनच ठरतें.